पाण्याचा पंचनामा

हिंगोली जिल्ह्यातील ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि नगरपरिषदांसाठी तयार केलेल्या पूर व निचरा व्यवस्थापन पुस्तिकेची प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही कचेरीत पाण्याचा विषय निघाला की बोलणे टंचाईवर येते. टंचाई आराखडा, टँकर, विहिरींचे अधिग्रहण, पैसेवारी हे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत, आणि त्यात चूक काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते मराठवाडा विसरलेला नाही. त्यामुळे आपल्याकडे पाण्याचे नियोजन म्हणजे उन्हाळ्याचे नियोजन, असा समज रुजला. पावसाळा आला की पाणी आले, आता चिंता मिटली, असे आपण धरून चालतो.

पण गेल्या काही वर्षांतल्या तारखा वेगळे सांगतात. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंदा आणि किन्होळा या गावांत रातोरात पाणी शिरले. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी, ऐन पोळ्याच्या सणात, हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांना पावसाने झोडपले. कयाधू पात्र सोडून वाहिली आणि काढणीला येऊ घातलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. २०२५ च्या पावसाळ्यातही मराठवाड्याने पुन्हा तेच पाहिले. जिल्ह्यात वर्षाकाठी पडणारा पाऊस साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर. तो चार महिन्यांत सावकाश पडला तर जमीन पोसतो. त्यातला मोठा वाटा चार-सहा रात्रींत कोसळला तर तोच पाऊस गाव बुडवतो, आणि पुढच्या मार्चात त्याच गावाला टँकर लागतो.

पूर ओसरला की सरकारी यंत्रणा गावात येते. महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी या तीन खात्यांचे कर्मचारी बांधावर जाऊन संयुक्त पंचनामा करतात. किती हेक्टर पीक गेले, नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त आहे का, किती घरांची पडझड झाली, किती जनावरे दगावली, हे सगळे कागदावर येते. हे काम आवश्यक आहे आणि ते करणारे लोक चिखलात उतरून करतात. मात्र त्या कागदावर एका गोष्टीला रकाना नसतो. पाणी कुठून आले, कुठे अडले, का अडले आणि कुणाच्या घरात वळले, हे कुणी लिहीत नाही. नुकसानीचा पंचनामा होतो, पाण्याचा होत नाही. म्हणून पुढच्या पुरात तेच पाणी त्याच मोरीपाशी अडते आणि त्याच घरांत शिरते. ही पुस्तिका त्या नसलेल्या रकान्यासाठी आहे.

जिल्ह्याची रचना आधी पाहू. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्यावर ईसापूर धरण आहे. दक्षिणेकडे पूर्णा, तिच्यावर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. मधून कयाधू. वाशीम जिल्ह्यातून येणारी ही नदी सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असा प्रवास करून पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी तिच्याच काठी आहे आणि हिंगोली शहरही. वसमतच्या बाजूला आसना, जी पुढे नांदेडजवळ गोदावरीत जाते. या नद्यांना मिळणारे ओढे आणि नाले किती, याची नीट यादी कुणाकडेही नाही. गावोगावचा पूर मात्र बहुतेक वेळा त्यांच्याच वाटेने येतो.

इथे दोन प्रकारचे पूर वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. पहिला धरणाखालचा पूर. ईसापूर किंवा सिद्धेश्वर भरत आले की पाटबंधारे विभाग विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये कळवतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. तो निरोप तहसीलदारांकडून पोलीस पाटलांकडे जातो, कोतवाल दवंडी देतो, व्हॉट्सॲपच्या गटांवर संदेश फिरतो. या पुराला निदान वेळ असतो. माणसे, जनावरे, मोटारी, पाइप वर काढता येतात.

दुसरा पूर ओढ्याचा. त्याला धरण नाही, दरवाजा नाही, म्हणून इशाराही नाही. वरच्या माळावर दोन-तीन तास ढग अडकतो आणि खालच्या गावात मध्यरात्री पाणी येते. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या गावी. २४ तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली की अतिवृष्टी धरली जाते. ओढा ज्या डोंगरात उगम पावतो तिथे मापक असेलच असे नाही. शिवाय २४ तासांचा आकडा ओढ्याच्या पुराबद्दल फार कमी सांगतो. ६५ मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडले तर शेतकरी समाधानी असतो. तेच दीड तासात पडले तर गावाचा संपर्क तुटतो.

कुरुंद्यात जुलै २०२२ मध्ये आला तो या दुसऱ्या जातीचा पूर. गाव मोठे, बाजारपेठेचे, टोकाई साखर कारखान्यामुळे जिल्ह्याला परिचित. रात्रीच्या पावसाने आसना नदीच्या खोऱ्यात पाणी चढले आणि पहाटेपर्यंत ते घरांत आणि दुकानांत होते. लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांशी फोनवर बोलून आढावा घेतला. म्हणजे यंत्रणा हलली, वरपर्यंत हलली. पण अशा रात्री पहिले तीन-चार तास गाव एकटेच असते, हे ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळून येते, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला असतात. त्या पोहोचेपर्यंत जे काही होते ते पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, गावातले पोहणारे तरुण आणि ट्रॅक्टरवाले करतात. त्यांच्या धैर्याबद्दल आदर राखूनच म्हणायचे तर, त्या रात्री किती पाणी येणार हे बऱ्याच अंशी आधीच्या दहा वर्षांतल्या सह्यांनी ठरलेले असते. रस्त्याच्या अंदाजपत्रकावरची सही, मोरीच्या तांत्रिक मान्यतेवरची सही, ले-आउटच्या मंजुरीवरची सही.

त्या सह्यांचे परिणाम गावात चालत गेले की दिसतात. शेतरस्त्यावरचा किंवा गावाच्या वेशीवरचा नळकांडी पूल घ्या. समजा ओढ्याचे पात्र सहा मीटर रुंद आहे आणि पुरात दीड मीटर खोल वाहते. पाण्याला लागणारी जागा झाली नऊ चौरस मीटर. पुलाखाली ९०० मिलिमीटर व्यासाचे तीन ह्यूम पाइप टाकले, तर तिघांचे मिळून तोंड होते जेमतेम १.९ चौरस मीटर. म्हणजे पाण्याला आपण पाचवा हिस्सा जागा दिली आणि वर भराव घालून बांध तयार केला. त्यात बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या आणि प्लास्टिक वाहत येऊन पाइपांच्या तोंडाशी बसते. मग पाणी पुलावरून जाते, कडेचा भराव कापते, नाहीतर मागे फुगून वस्तीत शिरते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, पूल वाहून गेला. पुढच्या वर्षी तिथेच तीन पाइपांचा नवा पूल होतो, कारण जुने अंदाजपत्रक हाताशी असते.

सिमेंट रस्त्याचेही असेच. दर चार-पाच वर्षांनी गल्लीत नवा थर चढतो, सहा इंच, कधी आठ. जुना थर खरवडून काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसते. दोन-तीन थर झाले की रस्ता फूट-दीड फूट वर येतो आणि जुन्या घरांचे जोते त्याच्या खाली जाते. पूर्वी पाणी उंबऱ्यावरून गल्लीत उतरायचे, आता गल्लीतून उंबऱ्यावर चढते. घरातली बाई दाराशी विटांचा किंवा मातीचा ओटा घालते, शेजारीही घालतो, आणि पाणी त्या गल्लीतल्या सर्वांत गरीब घराकडे जाते. हा पूर नदीने आणलेला नाही, तो आपण मोजून, बिल काढून बांधलेला आहे.

शहरात ले-आउट आणि गुंठेवारी. गावनकाशात ओढा स्पष्ट असतो. प्लॉट पाडताना तो नाली होतो, नालीवर फरशी येते, फरशीवर टपरी. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या नगरपरिषदा आणि सेनगाव, औंढा नागनाथ या नगरपंचायती या पाचही ठिकाणी शहर कडेने वाढते आहे, म्हणजे शेते आणि ओढे जिथे आहेत तिथेच वाढते आहे. एक हेक्टर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते दहा लाख लिटर. शेत असताना त्यातला बराच भाग सरीत थांबतो, मातीत जातो. त्याच हेक्टरवर स्लॅब, सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक आले की ढोबळ हिशेबाने दहापैकी आठ वाटे पाणी तासाभरात बाहेर पडते. ते पाणी कुठे जाणार, हा प्रश्न ले-आउटच्या फाइलमध्ये विचारलाच गेला नसेल, तर त्याचे उत्तर खालची वस्ती देते.

मग निचरा कुणाचे काम? इथे कागदोपत्री मोठा गुंता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ नुसार नदी, नाले, ओढे यांची मालकी शासनाची. मोठ्या नदीचा कारभार जलसंपदा विभाग पाहतो, बंधारे जलसंधारण विभाग किंवा जिल्हा परिषद, रस्त्यावरच्या मोऱ्या सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, गावातली गटारे ग्रामपंचायत, आणि शेतातला चर शेतकरी. पाणी यातली एकही हद्द मानत नाही. तरीही कायद्याने स्थानिक संस्थेला बाजूला ठेवलेले नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात गटारे बांधणे आणि राखणे हे आवश्यक कर्तव्यांत आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पाणलोट विकास आणि जलव्यवस्थापन पंचायतींच्या विषयांत आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ४१ तर सरळ सांगते की, आपल्या हद्दीतली बांधकामे आपत्ती टाळण्यासाठी ठरवलेल्या निकषांप्रमाणे होत आहेत हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे सगळ्यांना माहीत असते. कलम ४१ मधली आपली जबाबदारी नगरपरिषदेच्या किती सदस्यांना माहीत असते?

नदीकाठच्या बांधकामांसाठी महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती मुख्यतः मोठ्या नद्यांसाठी आखली गेली. छोट्या ओढ्यांवर अशा रेषा क्वचितच असतात, आणि हिंगोलीतली अनेक गावे बुडतात ती ओढ्यांनीच. म्हणून ओढ्याची पूररेषा गावानेच आखायला हवी. ती कशी आखायची, हे पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.

आता शाश्वत निचऱ्याकडे येऊ. आजवर आपण निचरा म्हणजे पाणी लवकरात लवकर हद्दीबाहेर घालवणे असे समजलो. गटार मोठे करा, सरळ करा, सिमेंटचे करा. त्यामुळे आपल्या गल्लीतले पाणी गेले, पण खालच्या गल्लीत ते दुप्पट वेगाने पोहोचले. शाश्वत निचऱ्यात क्रम उलटा आहे. पाणी पडले तिथे आधी थांबवायचे, जमेल तेवढे मुरवायचे, आणि उरलेल्याला मोकळी, रुंद वाट द्यायची. यात पुराचे आणि टंचाईचे काम एकच होते. जे पाणी सप्टेंबरात उंबऱ्यावर येणार होते, तेच मार्चात आडात सापडते.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. वसमत परिसर हळदीचा. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीत पाणी साचले की कंदकूज येते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून शेतकरी रुंद वरंबे काढतो, मध्ये सरी ठेवतो, शेताच्या खालच्या कडेला चर काढतो. ओल धरायची पण पाणी तुंबू द्यायचे नाही, हे दोन्ही तो एकाच शेतात साधतो. सोयाबीनची रुंद वरंबा-सरी पद्धतही त्याच हेतूची. गावाची आखणी करताना हे शहाणपण आपण शेतातच ठेवून येतो.

जमिनीचा स्वभाव मात्र जाणून घ्यावा लागतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते; जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. एकदा भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी फार हळू मुरते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचा मोठा पाऊस जवळपास सगळा वाहून निघतो. शोषखड्डा काळ्या मातीतच थांबला तर तो महिन्याभरात डबके होतो. मुरूम लागेपर्यंत खोदला तरच तो काम करतो. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातले नकाशे जसेच्या तसे इथे चालत नाहीत ते यासाठी.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव या बाबतीत जाऊन पाहण्यासारखे. तिथे उघड्या नाल्या बंद करून घरोघर शोषखड्डे केले गेले. खड्ड्याच्या मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती मोठे दगड, वर खडी. सांडपाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो, पाणी छिद्रांतून दगडांत आणि तिथून जमिनीत. डबकी गेली, डास गेले, आणि नांदेड जिल्हा परिषदेने तोच नमुना इतर गावांत नेला. हे खड्डे सांडपाण्यासाठी आहेत; ढगफुटीसारखा पाऊस ते पेलणार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सांडपाणी गटारातून निघून गेले की गटार पावसासाठी मोकळे राहते. आज आपली गटारे आठ महिने सांडपाण्याचा गाळ साठवतात आणि पाऊस येतो तेव्हा निम्मी भरलेली असतात.

शहरांसाठी साधने आणखी आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची सोय बंधनकारक आहे. ती नकाशावर दाखवली जाते. जागेवर जाऊन पाहिली जाते का, यावर सगळे अवलंबून. ले-आउटमधली खुली जागा रस्त्यापेक्षा दोन फूट खोल ठेवली तर वर्षातले ३६० दिवस तिथे मुले खेळतील आणि उरलेल्या चार-पाच दिवशी काही तास तिथे पाणी थांबेल. हिंगोली शहरातल्या जलेश्वर तलावासारखे जुने तलाव आपण सुशोभीकरणाच्या यादीत टाकतो, कट्टे आणि दिवे लावतो. ते सुंदर व्हावेतच; पण तलावात येणारे नाले उघडे आहेत का आणि सांडवा मोकळा आहे का, हे आधी पाहावे.

एक इशाराही द्यायला हवा. जलयुक्त शिवार अभियानात २०१४ पासून नाला खोलीकरणाची पुष्कळ कामे झाली आणि अनेक ठिकाणी विहिरींना त्याचा लाभ झाला. पण नाला खोल आणि सरळ केला की पाणी वेगाने धावते. वरच्या शिवारात खोलीकरण आणि खाली वेशीवर तीन पाइपांची मोरी, अशी जोडी जमली की पूर गावात आणण्याची व्यवस्था आपणच केली असे होते. कामे सुटी मंजूर न करता माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकत्र पाहायची, हा या पुस्तिकेचा आग्रह त्यासाठीच आहे.

इतरत्र हे कसे केले गेले? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली. त्या शहराची पर्जन्य जलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती. ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम पुढे हाती घेतले गेले. आकडा अपुरा होता, पण आकडा होता. आपल्या गावातल्या मोरीचा आकडा कुणाला सांगता येईल? ब्रिटनमध्ये २००७ च्या उन्हाळ्यात मोठे पूर आले. चौकशीत दिसले की बहुतांश पाणी नद्यांचे नव्हते. ते रस्त्यांवर, गटारांत तुंबलेले पावसाचे पाणी होते आणि त्याला कुणी मालक नव्हता. २०१० मध्ये तिथे कायदा झाला आणि स्थानिक संस्थांवर दोन साधी कामे टाकली गेली: पुराच्या धोक्यावर मोठा परिणाम करू शकतील अशा बांधकामांची नोंदवही ठेवायची, आणि मोठा पूर आला की त्याच्या कारणांचा शोध घेऊन अहवाल प्रसिद्ध करायचा. वेल्समध्ये जानेवारी २०१९ पासून नव्या बांधकामाच्या निचऱ्याला स्थानिक संस्थेची वेगळी मंजुरी लागते. नोंदवही ठेवणे आणि पुराची कारणे शोधणे, ही दोन्ही कामे करायला महागडी यंत्रे लागत नाहीत. वही, टेप आणि चालण्याची तयारी लागते. आपल्या ग्रामपंचायतीलाही ती आजपासून करता येतील.

पाण्याचा पंचनामा म्हणजे नेमके हेच. पूर ओसरल्यावर आठ दिवसांच्या आत ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, बांधकामचे शाखा अभियंता, पोलीस पाटील, ओढ्याकाठचा एखादा शेतकरी आणि सर्वांत खालच्या घरांतल्या दोन बायका, एवढ्यांनी मिळून गाव चालून पाहायचे. या बायकांचा समावेश औपचारिक समजू नये. पाणी किती वाजता उंबऱ्याला लागले, कोणत्या बाजूने आले, चुलीपर्यंत कधी पोहोचले आणि केव्हा उतरले, हे त्यांच्याइतके अचूक कुणी सांगत नाही. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसली जाण्यापूर्वी तिची उंची मोजायची आणि शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइल पेंटने तारखेसह खूण करायची. प्रत्येक मोरीचे तोंड मोजायचे, किती भाग बुजला होता ते लिहायचे, मोबाइलवर फोटो आणि ठिकाण नोंदवायचे. मोरी कोणत्या खात्याची, हेही लिहायचे. अहवाल पुढच्या ग्रामसभेत वाचायचा आणि प्रत तहसीलदारांना व गटविकास अधिकाऱ्यांना द्यायची. नगरपरिषदेत हेच काम प्रभागवार होईल. नगर अभियंता आणि स्वच्छता निरीक्षक ते करतील आणि अहवाल सर्वसाधारण सभेसमोर येईल.

या नोंदवहीचा खरा उपयोग पुढे आहे. कोणत्याही रस्त्याला मान्यता देताना, ले-आउटला ना हरकत देताना, मोरीचे अंदाजपत्रक करताना ती वही उघडायची. २०२४ ची खूण जिथे आहे तिथे समाजमंदिर बांधू नये, हे सांगायला मग कुणा तज्ज्ञाची गरज उरणार नाही. नालेसफाईचे देयक काढतानाही ती कामाला येईल. किती मीटर नाला साफ केला एवढे न पाहता, सफाई खालच्या टोकाकडून सुरू झाली का आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता उचलून नेला का, ते तपासता येईल.

पैशाचा प्रश्न येईल. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतींच्या निधीपैकी ६० टक्के भाग स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि पर्जन्यजल संधारण यांसाठी बांधलेला होता. त्याच आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा आपत्ती येण्यापूर्वीच्या सौम्यीकरणाच्या कामांसाठी वेगळा काढला. म्हणजे दारे आहेत. ती ठोठावायला हातात मोजमाप हवे. पूरग्रस्त म्हणून मागितलेले काम मागे पडते. मोरीचे तोंड, पुराची उंची, बुडालेल्या घरांची संख्या आणि फोटो जोडून मागितलेले काम नाकारणे अवघड जाते.

अतिक्रमणाचा विषय नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. ओढ्याच्या काठावर सर्वांत खाली राहतात ती भूमिहीन, दलित, भटक्या समाजांतली कुटुंबे, ज्यांना गावाने दुसरी जागा दिली नाही. पुरात त्यांचेच घर आधी जाते आणि घराचा उतारा नसल्याने मदतीच्या यादीतही त्यांचेच नाव अडते. ओढा मोकळा करायचा म्हणून पहिला जेसीबी त्यांच्या झोपडीवर नेणे हा न्याय नव्हे. आधी गावठाणात सुरक्षित जागा, घरकुल, मग स्थलांतर, हा क्रम असला पाहिजे. आणि ओढा बुजवून केलेल्या पक्क्या बांधकामांना, ती कुणाचीही असोत, तीच मोजपट्टी लावली पाहिजे.

हे काम करणाऱ्या माणसाबद्दल शेवटी थोडे. गाळात उतरणारा सफाई कामगार, रात्री दवंडी देणारा कोतवाल, चार गावांचा भार असलेला ग्रामपंचायत अधिकारी, एकट्याने सगळे शहर पाहणारा नगर अभियंता यांच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत, कारण ते चांगले झाले की काहीच घडत नाही. पूर येत नाही, बातमी होत नाही. ज्या गावात पाणी शिरले नाही त्या गावाचे श्रेय कुणाला द्यायचे, हे सरपंचांनी आणि नगराध्यक्षांनी लक्षात ठेवून त्यांच्या कामाची जाहीर कदर करावी. ते लोक टिकले तरच हे काम टिकेल.

या पुस्तिकेत पुढे सहा प्रकरणे आहेत: ओढ्यांची नोंद, गावपातळीवरची पूररेषा, मोरी आणि रस्त्याचे मोजमाप, मुरवण्याच्या पद्धती, पंचनाम्याचा नमुना आणि निधीचे मार्ग. ती क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. ज्या गावात गेल्या पाच वर्षांत पाणी शिरले आहे त्यांनी थेट पंचनाम्याच्या नमुन्याने सुरुवात करावी. जुना पूरही लोकांच्या आठवणीवरून बराच नोंदवता येतो.

सरपंच, सदस्य, नगरसेवक आणि कर्मचारी बंधू-भगिनींना एकच विनंती. ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. चैत्र-वैशाखात ओढे कोरडे असतात आणि त्यांचा तळ दिसतो. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या, टेप घ्या आणि शिवारात ओढा शिरतो तिथपासून तो हद्द सोडतो तिथपर्यंत एकदा चालत जा. जिथे ओढा नकाशात आहे पण जागेवर सापडत नाही, तिथे खूण करा. वाटेतल्या प्रत्येक मोरीचे तोंड मोजा. ती वही १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि सर्वांत अरुंद मोरीचा ठराव त्याच सभेत घ्या.